अटी वाचणारं गिऱ्हाईक

कुठल्याही व्यवहाराचा पाया विश्वास हा असतो, आणि विश्वास म्हणजे समोरच्याने काय लिहिलं आहे ते न वाचता सही करण्याची तयारी. ही तयारी ज्या समाजात जितकी जास्त, तितका तो समाज प्रगत समजावा. या कसोटीवर पाहता आजच्याइतका प्रगत समाज पूर्वी कधी झाला नसेल. पूर्वी माणूस एक खोली विकायची तर दहा जणांना विचारायचा आणि अकराव्याशी भांडायचा. आज तो बसची वाट बघता बघता एका अंगठ्याने पन्नास पानांचा करार करतो आणि दुसऱ्या हाताने कान खाजवतो. करार कोणाशी झाला, हे त्याला माहीत नसतं. खाजवला तो कान मात्र नक्की त्याचाच असतो.

या प्रगतीला एकाच माणसाने खीळ घातली. तीही जाणूनबुजून नव्हे. त्यांना शिवणयंत्राचं एक शटल हवं होतं, एवढंच.

त्या गृहस्थांना सगळे मजकूरकाका म्हणत. नोंदणी कचेरीत त्यांचं आयुष्य गेलं. घर, जमीन, दुकान यांचे दस्त पक्षकारांना मोठ्याने वाचून दाखवायचे, शंका फेडायच्या आणि मगच सहीसाठी पेन पुढे करायचं, हे त्यांचं काम. पक्षकार नेहमी घाईत असत. काका कधीच नसत. एकदा एक नवरा-बायको वेगळे होण्यापूर्वी घराच्या वाटणीचा दस्त करायला आले होते. काकांचं वाचन संपता संपता दोघांचा समेट झाला, अशी आठवण कचेरीत अजून सांगतात. (तो वाचनाचा प्रभाव होता की कंटाळ्याचा, याची नोंद नाही.) दस्तांची भाषा काकांच्या तोंडात इतकी बसली होती की घरी जेवतानाही ते "मजकूर भाजीत मीठ कमी आहे" असं म्हणत (दस्तात 'मजकूर' म्हणजे वर उल्लेख केलेला). निवृत्तीच्या समारंभात त्यांना घड्याळ मिळालं आणि हे टोपणनाव मिळालं. घड्याळ वर्षभरात बंद पडलं.

काकू शिवणकाम करत. खिडकीजवळ त्यांचं मशीन, मशीनच्या एका बाजूला कापलेल्या कापडाचा ढीग आणि दुसऱ्या बाजूला शिवलेल्या कपड्यांचा. पहिला ढीग दुसरीकडे नेणं हे काकूंचं आयुष्य होतं. घरातल्या दोघांपैकी त्या कामात असत आणि काका मोकळे असत, त्यामुळे घर आपण चालवतो असा काकांचा प्रामाणिक समज होता.

शाळा उघडायला थोडे दिवस राहिले असताना, गणवेशांची मोठी ऑर्डर अर्ध्यावर आली असताना, काकूंच्या मशीनचं शटल तुटलं. शटल म्हणजे सुईच्या खाली बसणारा, दोरा फिरवून टाका पक्का करणारा लहानसा लोखंडी भाग. तो मुठीत मावतो आणि त्याच्याविना अख्खं मशीन म्हणजे पाय हलवायचा व्यायाम. काकू तडक सुट्या भागांच्या दुकानात गेल्या. दुकान जागेवर होतं, सुटे भाग नव्हते. तिथे आता मोबाइलची कव्हरं टांगली होती.

"काकू, शटल आता कोण ठेवतंय?" दुकानदार म्हणाला. "ऑनलाइन मागवा. दोन मिनिटांचं काम."

सूनही तेच म्हणाली. ही सून नोकरीला जाणारी, आणि घरात बोलताना तिच्या एका पायात नेहमी चप्पल असे. "बाबा, मी माझ्या फोनवरून मागवते. दोन मिनिटं लागतील."

"शटल बसणार माझ्या घरातल्या यंत्रात," काका म्हणाले, "आणि करार तुझ्या नावावर? उद्या वाद उपस्थित झाला तर पक्षकार कोण?"

"वाद कशाला होईल, बाबा? शटल आहे ते."

"वाद कशावरूनही होतो. मी लोकांना भिंतीतल्या खुंटीवरून भांडताना पाहिलंय."

सुनेने हात टेकले. तिने काकांच्या मोबाइलवर एका ऑनलाइन दुकानाचं ॲप उतरवून दिलं, दुसरी चप्पल पायात घातली आणि आठवडाभराच्या प्रशिक्षणासाठी परगावी निघून गेली. जाताना जिन्यातून ओरडली, "काही अडलं तर फोन करा!" काकांनी स्टेशन येईपर्यंत तिला सात वेळा फोन केला.

शटल सापडायला वेळ लागला नाही. छायाचित्र पाहून काकूंनी "हेच!" म्हणत टाळी वाजवली. पण काकांना आधी शब्द समजून घ्यायचे होते, कारण अर्थ माहीत नसलेल्या शब्दाखाली सही करू नये, हे ते आयुष्यभर इतरांना सांगत आले होते. सुनेने प्रवासात, दर स्टेशनाला आवाज तुटत असताना, जे समजावलं त्यातून काकांच्या हाती पुढील ज्ञान लागलं.

कार्ट ही एक गाडी असते. तिला चाकं नसतात आणि ती कुठे जात नाही. वस्तू तिच्यात टाकली म्हणजे ती आपली झाली असं नाही. तीच वस्तू त्याच क्षणी आणखी चाळीस जणांच्या गाडीत असू शकते. (एकच खोली दोघांना विकणाऱ्या एका गृहस्थांना काकांनी पोलिसांच्या गाडीत बसताना पाहिलं होतं. इथे त्याला मागणी म्हणतात.) विशलिस्ट म्हणजे जे हवं आहे पण घ्यायचं नाही, त्याची यादी, तिला मर्यादा नाही. सवलत म्हणजे आधी एक मोठी किंमत लिहायची आणि मग तिच्यावर रेघ मारायची. यावर काका अस्वस्थ झाले. कचेरीत दस्तावर खाडाखोड झाली तर तिच्याशेजारी दोन्ही पक्षांची सही लागत असे. इथे पानोपान खाडाखोड, आणि सही एकाचीही नाही.

वॉलेट हे असं पाकीट आहे की त्यात पैसे घालता येतात. कॅशबॅक म्हणजे परत मिळणारी रोकड. ती रोकड नसते आणि परत मिळत नाही, तिचे गुण होतात, आणि गुण अमुक तारखेला मरतात. पेमेंट गेटवे हा दरवाजा. पैसे त्यातून पलीकडे जातात. कधीकधी ते आपल्याकडून निघतात आणि पलीकडे पोचत नाहीत, तेव्हा ते दरवाजात उभे असतात, आणि कोणी त्यांना आत या किंवा बाहेर जा म्हणत नाही. आणि सुविधा शुल्क म्हणजे पैसे देणं सोयीचं व्हावं म्हणून द्यायचे पैसे.

"कोणाच्या सोयीचं?" काकांनी विचारलं. तेवढ्यात बोगदा आला.

केवायसी हा प्रकार मात्र काकांना मनापासून आवडला. दुकानाने आपलं गिऱ्हाईक ओळखावं, त्याचं नाव, पत्ता, छायाचित्र बघून घ्यावं, ही रीत चांगली आहे असं ते म्हणाले, आणि त्यांनी विक्रेत्याचं नाव, पत्ता, छायाचित्र शोधायला घेतलं. तिथे "विश्वासू विक्रेता" एवढंच लिहिलं होतं.

"अहो, घ्या ना ते," काकू खिडकीजवळून म्हणाल्या. "खाली लिहिलंय, फक्त दोन उरलेत."

"आणि त्याखाली लिहिलंय की या क्षणी त्रेचाळीस लोक ही वस्तू पाहत आहेत." काकांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली. "म्हणजे बेचाळीस, आणि मी."

इथपर्यंत सगळं रीतसर होतं. घोळ झाला तो शेवटच्या चौकोनाशी. त्या चौकोनापुढे लिहिलं होतं, "मी सर्व अटी व शर्ती वाचल्या आहेत व त्या मला मान्य आहेत." काकांनी चौकोनात खूण केली नाही. कारण त्यांनी अटी वाचल्या नव्हत्या. म्हणून त्यांनी "अटी व शर्ती" या अक्षरांवर बोट ठेवलं, आणि ती उघडली.

त्यांनी पहिल्या कलमापासून सुरुवात केली, मोठ्याने. काकू समोर बसून काज करत होत्या, त्यांना ऐकावंच लागलं. नवव्या कलमाशी पडद्यावर "तुमचे सत्र संपले आहे" असा निरोप आला. काकांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा सत्र संपलं. तिसऱ्यांदा ते पडद्यावर सतत बोट हलवत साठाव्या कलमापर्यंत पोचले, तेव्हा दुकानाने त्यांना विचारलं, "आपण यंत्र तर नाही ना?" आणि सिद्ध करण्यासाठी नऊ चित्रांतून वाहतुकीचे दिवे निवडायला सांगितले. दिव्याचा खांब हा दिव्याचा भाग धरावा की स्वतंत्र बांधकाम, यावर काकांनी बराच विचार केला. तोवर त्यांचं खातं गोठवण्यात आलं. कारण दिलं होतं: संशयास्पद हालचाल.

दुपारी कंपनीतून फोन आला. आवाज तरुण मुलीचा होता. त्यात काळजी घ्यायचं प्रशिक्षण स्पष्ट जाणवत होतं.

"सर, तुमच्या खात्यावरून अटींच्या पानावर खूप वेळ घालवला गेलाय. तो तुम्हीच होतात का?"

"मीच होतो."

"तिथे तुम्हाला काही अडचण आली का, सर?"

"नाही. वाचत होतो."

पलीकडे कीबोर्डची टकटक थांबली.

"काय वाचत होतात, सर?"

"अटी."

"सगळ्या?"

तिने काकांना थांबायला सांगितलं आणि संगीत लावलं. मग तिचे वरिष्ठ आले. वरिष्ठ फार अदबीने बोलले. त्यांनी सांगितलं की त्या पानावरचा ग्राहकांचा सरासरी मुक्काम चार सेकंदांचा असतो, आणि त्यातले अडीच सेकंद पान उघडण्यात जातात. त्याहून जास्त थांबणारे आजवर दोनच प्रकारचे आढळले होते: एक, ज्यांच्या हातून फोन खाली पडला, आणि दोन, चोर. काकांची नोंद दुसऱ्या सदरात झाली होती. त्याबद्दल वरिष्ठांनी दिलगिरी व्यक्त केली आणि विचारलं, "आणखी काही मदत करू का, सर?"

"करा. एकतिसाव्या कलमात म्हटलंय की तक्रारीसाठी सत्तेचाळिसावं कलम पाहावं. सत्तेचाळिसावं कलम नाही. शेहेचाळीसनंतर एकदम अठ्ठेचाळीस आहे."

"मी नोंद घेतो, सर."

"आणि अठ्ठावन्नाव्या कलमात म्हटलंय, ग्राहकाने तलावात उतरण्यापूर्वी डोक्याला टोपी घालणे बंधनकारक राहील."

वरिष्ठांच्या बाजूने कागद चाळल्याचा आवाज आला. मग ते हळूच कोणाला तरी म्हणाले, "अगं, आपल्याकडे तलाव आहे का?" आणि पुन्हा काकांना, "सर, माझ्या माहितीप्रमाणे आमच्याकडे तलाव नाही."

"तसं लिहून द्या."

लिहून मिळालं नाही. पण खातं सुटलं. त्या अटी कोणी लिहिल्या, हे कंपनीत कोणालाच सांगता आलं नाही. एका दुकानाने दुसऱ्याकडून, दुसऱ्याने तिसऱ्याकडून, असं करत त्या मुळात कुठल्यातरी पोहण्याच्या क्लबाकडून आल्या असाव्यात, असं वरिष्ठांचं खाजगी मत पडलं. म्हणजे एवढ्या वर्षांत लाखो माणसांनी घरबसल्या टोपी घालायचं कबूल केलं होतं. संध्याकाळपर्यंत काकांनी शेवटचं कलम वाचून संपवलं, काकूंना "समजलं का?" असं विचारलं, त्यांनी न ऐकता "हो" म्हटलं, आणि काकांनी चौकोनात खूण केली. आजवर त्या चौकोनात झालेली ही एकमेव खरी खूण होती.

शटल निघालं. वाटेत ते कुठे कुठे पोचलं याचे निरोप येत राहिले. काका ते काकूंना वाचून दाखवत. काकूंनी आयुष्यात कोणाच्या प्रवासाची इतकी चौकशी केली नव्हती.

ज्या सकाळी ते यायचं होतं, त्या सकाळी काकू शाळेत गेल्या होत्या. मुख्याध्यापिकांकडे दोन दिवसांची मुदत मागायला. घरी काका एकटे. बेल वाजली. दारात घामाने निथळणारा डिलिव्हरीवाला, हातात खोकं.

"काका, ओटीपी सांगा."

काकांच्या मोबाइलवर तो क्रमांक नुकताच आला होता. त्यांनी चष्मा लावून निरोप पुन्हा वाचला आणि विचारलं, "तुम्ही कंपनीचे कर्मचारी का?"

"हो, काका."

"मग तुम्ही हे विचारणं शक्य नाही."

"म्हणजे?"

काकांनी आकड्यांवर अंगठा ठेवला आणि बाकीचा मजकूर खड्या आवाजात वाचला. "'हा क्रमांक कोणालाही सांगू नका. आमचे कर्मचारी हा क्रमांक कधीही विचारत नाहीत.' ज्या अर्थी तुम्ही विचारता, त्या अर्थी तुम्ही कर्मचारी नाही. आणि ज्या अर्थी तुम्ही कर्मचारी आहात, त्या अर्थी तुम्ही विचारलेलं नाही."

"काका, विचारलं की. आत्ताच."

"ते मी ऐकलं नाही असं धरतो. तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे."

डिलिव्हरीवाल्याने समजावलं, हात जोडले, मग घड्याळ पाहिलं. त्याला अजून पुष्कळ दारं गाठायची होती. त्याने त्याच्या यंत्रावर उपलब्ध पर्याय बघितले. "ग्राहक घरी नाही", "पत्ता सापडला नाही" आणि "ग्राहकाने नाकारले". ग्राहक निरोपाचा अर्थ लावत आहे, असा पर्याय नव्हता. त्याने तिसरा दाबला आणि खोकं घेऊन उतरला.

थोड्या वेळाने काकू आल्या. मुदत मिळाली नव्हती. "जिन्यात एक जण खोकं घेऊन उतरताना दिसला," पिशवी ठेवत त्या म्हणाल्या. "म्हटलं, आपलं असतं तर किती बरं झालं असतं."

काका चष्मा पुसायला लागले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"अहो, तो शटल घेऊन आला होता?"

"आला होता."

"इथे? दारात?"

"दारात."

"आणि परत गेला?"

"निरोपाचा काटेकोर अर्थ लावला," काका म्हणाले, "तर तो आलाच नव्हता."

काकू भांडल्या असत्या तर काकांना चाललं असतं; भांडणाला उत्तर देता येतं. पण त्यांनी पदर खोचला, सुई-दोरा घेतला, खिडकीशी बसल्या आणि स्कर्टच्या चुण्या हाताने शिवायला लागल्या. सुनेचा फोन आला. झालेला प्रकार ऐकून ती "मी इथून मागवते, आई" म्हणाली.

"नको," काकू म्हणाल्या. "यांनी घातलेला घोळ आहे. यांनाच निस्तरू दे."

काका निस्तरायला बसले. आधीचे पैसे "परताव्याच्या प्रक्रियेत" होते आणि पाच ते सात कामकाजी दिवसांत येणार होते. (कोणाचे कामकाजी दिवस, हे त्या दिवशी विचारायचा धीर काकांना झाला नाही.) शटल आता एकच उरलं होतं. त्यांनी ते गाडीत टाकलं, पत्ता भरला, पुन्हा त्या चौकोनापाशी आले. तिथे नवा निरोप होता: "आमच्या अटी अद्ययावत झाल्या आहेत." काय अद्ययावत झालं, ते सांगितलं नव्हतं. ते कळायला पुन्हा सगळ्या वाचायला हव्या होत्या.

काकांनी घसा साफ केला आणि पहिलं कलम सुरू केलं. खोलीत दुसरा आवाज नव्हता. मशीन चालू असताना त्यांना वाचायला त्याचा त्रास व्हायचा आणि ते "जरा थांब" म्हणायचे. आता मशीन बंद होतं आणि ती शांतता ऐकून त्यांचाच आवाज त्यांना मोठा वाटायला लागला. दुसऱ्या कलमाशी काकूंनी दाताने दोरा तोडला. तिसऱ्याशी त्यांना सुई टोचली. त्यांनी बोट तोंडात धरलं, मग त्यावर चिकटपट्टी गुंडाळली. त्या बोटाला आधीच दोन पट्ट्या होत्या. काकांनी त्या आत्ता पाहिल्या.

त्यांनी वाचणं थांबवलं. आयुष्यभर त्यांनी कितीतरी जणांच्या हातातून पेन काढून घेतलं होतं. "आधी ऐका, मग सही." म्हाताऱ्यांना थांबवलं होतं, व्यापाऱ्यांना थांबवलं होतं, एकदा खुद्द साहेबांना थांबवलं होतं. त्यांनी दाराकडे पाहिलं, कोणी येऊन आपल्याही हातातून फोन काढून घेईल या आशेने. कोणी आलं नाही.

"वाचल्या नाहीत, समजल्या नाहीत," ते पुटपुटले, "मान्य आहेत." आणि डोळे मिटून त्यांनी चौकोनावर बोट ठेवलं.

"काय झालं?" काकूंनी वर न बघता विचारलं.

"काही नाही. निघालं शटल."

(कोणता बदल झाला होता हे पुढे कळलं. टोपी ऐच्छिक करण्यात आली होती.)

या खेपेला काका सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसले. तोच डिलिव्हरीवाला आला. त्याने तोंड उघडायच्या आत काकांनी तो क्रमांक इतक्या खणखणीत आवाजात सांगितला की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी तो लिहून घेतला.

"काका, हळू सांगितलं तरी चालतं," तो म्हणाला, आणि खोकं हातात देऊन हसला.

शटल बसलं. मशीन धडधडायला लागलं तसा काकूंचा जीव भांड्यात पडला. शेवटचे गणवेश शाळेची घंटा होण्याआधी तासभर पोचले. एका स्कर्टच्या चुण्या हाताच्या होत्या आणि त्या मशीनच्या चुण्यांपेक्षा सरळ पडल्या आहेत, असं मुख्याध्यापिका म्हणाल्या. काकूंनी हे घरी येऊन काकांना सांगितलं, म्हणजे त्या पुन्हा त्यांच्याशी बोलायला लागल्या.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण त्या सुमारास कंपनीपुढे एक प्रश्न उभा राहिला. एका तपासणीत त्यांना विचारण्यात आलं की ग्राहक अटी वाचतात असं तुम्ही म्हणता, त्याला पुरावा काय? कंपनीने सगळ्या नोंदी उपसल्या. लाखो ग्राहकांमध्ये अटी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेला एकच माणूस निघाला. तेच वरिष्ठ पुन्हा फोनवर आले. आता त्यांची अदब आणखी वाढली होती.

"सर, तुम्ही आमच्यासाठी फार मोलाचे आहात."

प्रस्ताव साधा होता. अटी सर्वांनी वाचाव्यात ही अपेक्षा अव्यवहार्य आहे. कोणीच वाचू नयेत हे बेकायदेशीर आहे. तेव्हा सर्वांच्या वतीने एकाने वाचाव्यात, हा मध्यम मार्ग. दर वेळी अटी बदलल्या की काकांना पाठवल्या जातील, काका वाचतील आणि "वाचल्या" असं कळवतील. मोबदल्यात त्यांना गुण मिळतील.

काकांनी आधी आपल्या हरकती ऐकवल्या. त्या बऱ्याच होत्या. वरिष्ठांनी एकही मध्ये तोडली नाही.

"सर, तुमच्या हरकतींचा आम्ही आदर करतो."

"म्हणजे अटी बदलता?"

"आदर करतो, सर."

यावर काकांनी फोन ठेवायला हवा होता. पण कचेरी सुटल्यापासून त्यांना वाचून दाखवायला कोणी मिळालं नव्हतं. बायको ऐकत नव्हती, सून एका चपलेवर निघून जायची, आणि आता कोणीतरी म्हणत होतं की तुम्ही वाचा, आम्हाला गरज आहे. काकांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली. त्यांनी होकार दिला. (तोंडी. कागद मागायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.)

महिन्याभरात चौकोन गेला आणि त्या जागी बटण आलं: "मजकूरकाकांनी वाचलं आहे. मला मान्य आहे." लोकांना ते विलक्षण आवडलं. पूर्वी खूण करताना मनाला जी किंचित टोचणी लागायची, तीही गेली. अटींपाशी थांबण्याचा सरासरी वेळ चार सेकंदांवरून एकावर आला. बाकीच्या दुकानांनी, मग विम्यावाल्यांनी, मग बँकांनी तेच बटण बसवलं. काका आता सकाळी उठून गॅलरीत बसतात आणि जेवणापर्यंत मोठ्याने वाचतात. आत काकूंचं मशीन चालू असतं. दोघांचं छान चाललं आहे.

एकदा दोरा ओवता ओवता काकूंनी विचारलं, "तुम्ही वाचता, ते ठीक. पण तुम्हाला पटतं का त्यातलं?"

"छे गं! निम्म्यावर तर मी मेलो तरी सही करू दिली नसती कोणाला."

"मग सांगा की लोकांना."

"सांगेन ना. बटणाखाली माझा नंबर दिलाय, शंका असल्यास विचारावे म्हणून. कोणी विचारलं की सांगणार."

आजवर त्या नंबरवर एकच फोन आला. पार्सल कुठवर आलं, असं त्या बाई विचारत होत्या.

वाचकहो, आपण शेवटचं जे काही मागवलंत, तेव्हाही ते बटण आपल्यासमोर आलं होतं. असं बटण आपण कधी पाहिलंच नाही, असं आता आपण म्हणाल. बरोबर आहे. पण काकांकडे सगळ्यांच्या नोंदी येतात. आपण ते दाबलं आहे. एक सेकंदसुद्धा पुरता लागला नाही आपल्याला.